फिनालेमधली गाणी म्यूझस्कोरमध्ये नेताना

वाशीच्या एका वृंदगान मंडळाच्या संचालिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळाची सगळी गाणी सरांनी फिनाले या स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवली होती. सर आता नाहीत. त्यांचा लॅपटॉप चालतो, पण कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. मंडळातल्या मुलांकडे म्यूझस्कोर हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर आहे. एकाने फिनालेमधून मिडी फाइल काढून म्यूझस्कोरमध्ये उघडली, तर मात्रा विस्कटल्या, कोमल स्वरांच्या जागी भलतीच चिन्हे आली आणि शब्द आलेच नाहीत. विष्णुदास भावे नाट्यगृहातला कार्यक्रम तोंडावर आला आहे. रूपांतर करायचे कसे आणि त्यावर विसंबायचे कितपत, असे त्या विचारतात.

ताई, मी ठाण्यात नोटेशन लिहून देण्याचे आणि जुने स्कोर नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचे काम करतो. पुढचे वाचण्याआधी एक काम उरकून घ्या. लॅपटॉप चालू आहे तोवर सरांचे पूर्ण फोल्डर जसेच्या तसे दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. मग त्याच लॅपटॉपवर प्रत्येक गाण्याची पीडीएफ काढा. ही पीडीएफ म्हणजे सरांच्या डोळ्यांसमोर जे पान होते ते. पुढे कुठलीही शंका आली की निवाडा तिच्यावरूनच होणार आहे.

घाई का करायची तेही सांगतो. फिनाले १९८८ साली आले आणि पुढची कितीतरी वर्षे अरेंजर मंडळींचे ते मुख्य हत्यार होते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. सत्ताविसावी आवृत्ती शेवटची. ज्यांच्याकडे ती आहे त्यांची चालत राहील, पण विंडोज आणि मॅक बदलत जातील तसे त्यांच्याशी जुळवून घेणारे आता कोणी नाही. फिनालेची फाइल पूर्णपणे आणि खात्रीने उघडणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्वतः फिनालेच. म्हणून फाइली बाहेर काढायच्या त्या फिनाले चालू असतानाच.

फोल्डरमध्ये दोन प्रकारच्या फाइली दिसतील. शेवटी एमयूएस असलेल्या जुन्या, आणि एमयूएसएक्स असलेल्या फिनाले २०१४ पासूनच्या. लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल आणि ओळखीत कोणाकडे सत्ताविसावी असेल, तर फोल्डर घेऊन त्यांच्याकडे जा. ती जुन्या फाइलीही उघडते, आणि तिच्या फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमध्ये अख्खे फोल्डर एकदम म्यूझिकएक्सएमएलमध्ये (स्वरलिपी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल-प्रकार, पुढे सांगतो) काढण्याची सोय आहे. ती नसेल तर एकेक गाणे उघडून काढावे लागेल. कंटाळवाणे काम आहे, पण करा.

आता मिडीने काय घोटाळा केला ते पाहू, कारण नव्वद टक्के मंडळी पहिल्यांदा तिथेच अडकतात.

मिडी हे वाद्यांना आपसांत बोलता यावे म्हणून १९८३ साली आले. कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली, एवढेच त्याला कळते. प्रत्येक पट्टीला एक क्रमांक असतो. मधला सा पांढरी एकवर धरला तर तो ६०, कोमल रिषभ ६१, तीव्र मध्यम ६६. आता मारव्यातली एखादी चीज घ्या. त्यात कोमल रे आणि तीव्र म दोन्ही आहेत. कागदावर हे डी फ्लॅट आणि एफ शार्प असे लिहायला हवेत, तरच गाणाऱ्याला रे हा रे आणि म हा म दिसतो. मिडी फाइलीत मात्र फक्त ६१ आणि ६६ आहे. ६१ म्हणजे सी शार्प की डी फ्लॅट, हे तिच्यात कुठेच लिहिलेले नाही. उघडणारे सॉफ्टवेअर की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची चिन्हे) बघून अंदाज बांधते, आणि नेहमीच्या पाश्चात्त्य की सिग्नेचरमध्ये फ्लॅट आणि शार्प एकत्र कधीच येत नाहीत. मग एकतर कोमल रे सी शार्प होऊन सा च्या ओळीवर बसतो, नाहीतर तीव्र म जी फ्लॅट होऊन मारव्यात नसलेल्या पंचमाच्या जागी जातो. ऐकायला काही फरक पडत नाही. वाचणाऱ्याची मात्र पंचाईत होते. तुमच्या मुलांना काफीतले कोमल गंधार-निषाद डी शार्प आणि ए शार्प झालेले दिसले असतील, त्याचे कारण हेच.

मात्रा विस्कटण्याचे कारण वेगळे आहे. मिडी एका मात्रेचे बारीक तुकडे करते, समजा ४८०. एका मात्रेत तीन सारखे स्वर असतील तर प्रत्येकाला १६० यायला हवेत. पण फिनालेमध्ये ह्यूमन प्लेबॅक नावाची सोय आहे. यंत्राने वाजवल्यासारखे वाटू नये म्हणून ती स्वर किंचित मागेपुढे करते. ती चालू ठेवून मिडी काढली की ते मागेपुढे होणेही फाइलीत उतरते. मग १६०च्या जागी १५१, १७३, १५६ असे काहीतरी येते, आणि म्यूझस्कोर इमानदारीने त्याचे सोळांश, बत्तिसांश आणि मधले विराम लिहून मोकळा होतो. शिवाय पुनरावृत्तीची चिन्हे मिडीत नसतात. मुखडा तीनदा येत असेल तर तो तीनदा लिहिलेला मिळतो, आणि दोन पानांचे गाणे सहा पानांचे होते. म्हणून सराव ट्रॅक बनवायला मिडी वापरा, नोटेशन हलवायला वापरू नका. दुसरे काहीच हाती नसेल आणि मिडीच काढावी लागली, तर निदान ह्यूमन प्लेबॅक बंद करून काढा.

योग्य रस्ता म्यूझिकएक्सएमएलचा. मायकेल गुड यांनी ते तयार केले, पहिली आवृत्ती २००४ ची. २०१५ पासून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा संगीत-लिपी गट ते सांभाळतो आणि ४.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोर ही सगळी सॉफ्टवेअर ते लिहितात आणि वाचतात. आत साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. मारव्यातला तोच कोमल रिषभ त्यात तीन ओळींत असतो: पायरी डी, बदल उणे एक, सप्तक चार. म्हणजे तो डी फ्लॅटच राहतो. स्वराची लांबी आकड्यात असते, आणि तो कागदावर कसा दिसतो हे वेगळे लिहिलेले असते. त्यामुळे तीन स्वरांचा गट तीनांचाच राहतो. पुनरावृत्तीच्या रेघा, पहिला-दुसरा शेवट, मींडेची कमान, कणस्वर, गाण्याचे शब्द अक्षरागणिक, सगळे त्यात जाते. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटचा पार्ट असेल तर लिहिलेला स्वर आणि वाजणाऱ्या स्वराशी त्याचे अंतर, दोन्ही जातात. काढताना शेवटी एमएक्सएल असलेला प्रकार दिसेल. तीच गोष्ट झिप करून लहान केलेली आहे, दोन्ही चालतात.

तरीही म्यूझस्कोरमध्ये पान उघडले की धक्का बसेल, त्याची तयारी ठेवा. म्यूझिकएक्सएमएलमधून संगीत जाते, पान जवळपास जात नाही. ओळीत किती बार (दोन उभ्या रेघांमधले भाग), कुठे पान उलटते, अक्षरांमधली जागा, मथळ्याची मांडणी, हे नवे सॉफ्टवेअर स्वतःच्या रीतीने लावते. डोरिको तर बाहेरून आलेल्या मांडणीकडे फारसे बघतच नाही, आणि माझ्या मते ते बरेच आहे. जुनी मांडणी ओढूनताणून आणण्यात तास घालवण्यापेक्षा नवी मांडणी नीट लावलेली परवडते. पण पान उलटण्याच्या जागा सरांनी हार्मोनियमवाल्याच्या सोयीने ठरवल्या असतील, तर त्या पीडीएफवरून पाहून तशाच ठेवा. त्यामागे त्यांचा विचार होता.

खरा त्रास होतो तो सरांनी युक्तीने केलेल्या गोष्टींचा. प्रत्येक जुना फिनालेवाला अशा युक्त्या करत असे, कारण आपले संगीत त्या सॉफ्टवेअरने गृहीतच धरले नव्हते. सुरुवातीचा आलाप पाहा. त्याला ताल नाही, म्हणून सरांनी एकच लांबलचक बार घेऊन त्यात सत्तावीस मात्रा भरल्या असतील आणि ताल-चिन्ह लपवले असेल. रूपांतरात ते लपलेले चिन्ह बाहेर येऊ शकते आणि आलापावर सत्तावीस-चार असे ठळक दिसते. लपवलेले विराम दिसू लागतात. ‘हळू’, ‘कोरस’, ‘फक्त स्त्रिया’ या सूचना साध्या मजकूर-चौकटीत लिहिल्या असतील तर त्या बारला चिकटलेल्या नसतात, पानाच्या कोपऱ्यात जाऊन बसतात किंवा येतच नाहीत. हाताने रेखाटलेली चिन्हे तर बहुधा हरवतातच. कॉर्ड कॉर्डच्या साधनाने लिहिल्या असतील तर कॉर्ड म्हणून येतील. शब्दांच्या ओळीत टाइप केल्या असतील तर शब्द म्हणूनच येतील, आणि मग पट्टी बदलताना त्या बदलणार नाहीत. हे पार्ट वाजवणाऱ्यांच्या हाती देण्याआधी बघायलाच हवे.

पट्टी बदलताना एक लक्षात असू द्या. बायकांसाठी गाणे काळी पाचवर न्यायचे म्हटले की सॉफ्टवेअर ए शार्प आणि बी फ्लॅट असे दोन पर्याय देऊ शकते. पट्टी तीच, पण बी फ्लॅट मेजरला दोन फ्लॅट पुरतात आणि ए शार्प घेतला तर पानावर दुहेरी शार्पांचा सडा पडतो. बी फ्लॅटच घ्या.

तबला-ढोलकीच्या ओळीवर मी कोणत्याही रूपांतराचा भरवसा ठेवत नाही. तालवाद्यात कागदावरची जागा आणि वाजणारा आवाज यांची सांगड प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या नकाशाने घालते, आणि तो नकाशा प्रवासात तुटतो. धा बास ड्रम होतो, ना झांज होतो. सरांनी बोल शब्दांच्या ओळीत लिहिले असतील तर ते सुखरूप येतात. नसतील तर एका रेषेची तालवाद्याची ओळ घेऊन त्याखाली बोल शब्द म्हणून लिहा आणि आवाजाचा नाद सोडा. तुमचा तबलजी बोलच वाचणार आहे.

आता शब्दांकडे येतो. मराठी गाण्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि परदेशी मार्गदर्शिकांत याबद्दल एक ओळ सापडत नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, फिनालेमध्ये आली ती २०१२ च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या फाइलींत देवनागरी दिसत असेल तर ती श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या जुन्या फाँटमधली आहे. अशा फाइलीत खरोखर देवनागरी नसतेच. रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. म्यूझिकएक्सएमएलमधून जातात ती रोमन अक्षरे. तो फाँट नसलेल्या संगणकावर विठ्ठलाच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे दिसतात. त्या संगणकात जुना फाँट टाकून शब्दांच्या शैलीला तो दिला की शब्द पुन्हा दिसतात. कार्यक्रम चार दिवसांवर असेल तर तेवढ्यापुरते हे चालेल. कायमचे करायचे तर युनिकोडच हवे.

त्याचे दोन मार्ग आहेत. गाणी पुष्कळ असतील तर म्यूझिकएक्सएमएल झिप न करता काढा, मजकूर-संपादकात उघडा, शब्दांचे तुकडे वेगळे काढा, फाँट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून न्या आणि परत जागेवर ठेवा. यात एक मेख आहे. जुन्या फाँटमध्ये काही अक्षरे अँपरसँड किंवा लहान-पेक्षा या चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, आणि एक्सएमएलमध्ये ही चिन्हे थेट लिहिता येत नाहीत. त्यांच्या जागी अँपरसँडने सुरू होऊन अर्धविरामाने संपणारा छोटा संकेत असतो. तो आधी मूळ चिन्हात बदला, मग कन्व्हर्टरला द्या. नाहीतर नेमकी तीच अक्षरे बिघडतात आणि का बिघडली ते कळत नाही. संगणकाची सवय असलेला कोणी मंडळात असेल तरच या वाटेला जा.

दुसरा मार्ग म्हणजे शब्द पुसून नव्याने टाइप करणे. मुखडा आणि दोन अंतरे असतील तर मी सरळ हेच करतो. म्यूझस्कोरमध्ये पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एल दाबा, अक्षर लिहा. शब्द तोडून पुढच्या स्वरावर जायचे तर हायफन, शब्द संपला तर स्पेस, अक्षर लांबत असेल तर अंडरस्कोर. जोडाक्षर तोडू नका. गाताना आपण कृष्-ण म्हणतो, पण लिहिताना कृ-ष्ण लिहा. पाय मोडलेला ष् स्वराखाली सुटा पडला की नवखा गायक तिथे अडखळतो. फाँटसाठी तिरो देवनागरी मराठी पाहा. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. सरांनी शब्दांखाली सरगमची दुसरी ओळ लिहिली असेल तर रूपांतरात ओळींचा क्रम कधी उलटतो, तेवढे तपासा.

तपासणी पडद्यावर करू नका, कागदावर करा. जुनी पीडीएफ आणि नवे पान दोन्ही छापा. आधी शेवटच्या बारचा क्रमांक जुळतो का बघा. जुळत नसेल तर पुनरावृत्ती उलगडली आहे किंवा एखादा बार तुटला आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. जुळला तर एकाने जुन्या पानावरून ताल धरून सरगम म्हणायची आणि दुसऱ्याने नव्या पानावर बोट ठेवून ऐकायचे. गाणे ऐकून तपासले तर चुका निसटतात, कारण कान ओळखीची चाल स्वतःच पुरी करून घेतो. मारव्यातला चुकीचा लिहिलेला रिषभ तर कानाला कळणारच नाही. सरगम म्हणताना तो लगेच पकडला जातो. एकाच ओळीवर दोन आवाज असतील, म्हणजे वरच्या काठ्या एका आवाजाच्या आणि खालच्या दुसऱ्याच्या, तर दुसरा आवाज वेगळा म्हणून घ्या. तिथले विराम हमखास इकडेतिकडे होतात. कमान दोन सारख्या स्वरांना जोडणारी आहे की मींडेची आहे, तेही बघा. जुन्या फाइलींत या दोन्हींची सरमिसळ फार असते.

काही गाण्यांच्या फाइली सापडणार नाहीत, फक्त छापील पाने असतील. ती ३०० डीपीआयवर सरळ स्कॅन करा. ऑडिव्हेरिस हे मोफत सॉफ्टवेअर छापील स्वरलिपी वाचून म्यूझिकएक्सएमएल देते. स्वच्छ छपाई आणि एकच स्वरओळ असेल तर बरेच काम वाचते. शब्द मात्र स्वतः टाइप करायचे असेच धरून चला. हाताने लिहिलेल्या पानांसाठी प्रयत्नही करू नका, सरळ नव्याने लिहा.

सरांच्या वहीत भातखंडे लिपीत लिहिलेले असेल तर ते आपोआप बदलणारा खात्रीचा मार्ग मला माहीत असलेल्यांत नाही. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, वर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम, खाली-वर बिंदू म्हणजे मंद्र-तार, हे वाचून लिहायला माणूसच लागतो. पण थोडा शॉर्टकट आहे. एबीसी नावाची एक साधी मजकूर-लिपी आहे, तीत स्वर इंग्रजी अक्षरांनी लिहितात. कोमलासाठी अक्षराआधी अंडरस्कोर, तीव्रासाठी कॅरट, लांबीसाठी अक्षरानंतर आकडा. सरगम वाचता येणारी व्यक्ती ती साध्या कीबोर्डवर भराभर टाइप करू शकते, आणि ईझीएबीसीसारखे मोफत सॉफ्टवेअर तिचे म्यूझिकएक्सएमएल करून देते. माउसने एकेक स्वर ठेवण्यापेक्षा हे कितीतरी जलद होते.

लिलिपाँड या आणखी एका नोटेशनच्या सॉफ्टवेअरबद्दल तुमच्या मुलांपैकी कोणी विचारेल. त्याची छपाई देखणी असते आणि म्यूझिकएक्सएमएल त्याच्यात आणता येते, पण त्याच्यातून परत बाहेर काढणे अवघड आहे. तिकडे जाल तर शेवटच्या छपाईसाठी जा, साठवणीसाठी नको. सिबेलियस कोणाकडे असेल तर तिथूनही म्यूझिकएक्सएमएल काढता येते, रीत तीच.

प्रत्येक गाण्याचे एक फोल्डर करा आणि त्यात चार गोष्टी ठेवा: मूळ फिनाले फाइल, तिची पीडीएफ, म्यूझिकएक्सएमएल आणि तपासलेली म्यूझस्कोर फाइल. मूळ फाइल आज उघडत नाही म्हणून पुसू नका. फोल्डरची नावे देवनागरीत चालतील, पण आतल्या फाइलींची नावे रोमनमध्ये आणि मोकळी जागा न सोडता द्या, काही जुनी सॉफ्टवेअर अजून त्यावर अडतात. फिनालेतून काढलेल्या म्यूझिकएक्सएमएलला हात लावू नका, तिच्यात शब्द बदलायचे असतील तर प्रतीवर बदला. बाकीच्या दुरुस्त्या म्यूझस्कोरमध्येच करा आणि सगळे झाल्यावर तिथून नवी म्यूझिकएक्सएमएल तारखेसह काढून शेजारी ठेवा. आणखी काही वर्षांनी म्यूझस्कोरही बदलेल, तेव्हा हीच फाइल लागेल.

कार्यक्रमासाठी सगळी गाणी आत्ता हलवू नका. यादीत असलेली तेवढीच घ्या, आणि त्यातही आधी एक साधे, एकाच आवाजाचे आणि एक आलाप-तबल्याचे अवघड गाणे करून बघा. त्या दोघांत जे अडेल तेच बाकीच्यांतही अडणार आहे. जे गाणे वेळेत तपासून होणार नाही, त्याचे सरांच्या पीडीएफवरून छापलेले पान कार्यक्रमात निर्धास्त वापरा. अवघड गाण्याची फिनाले फाइल आणि पीडीएफ मला पाठवलीत, तर कुठे काय निसटले ते मी पानावर खुणा करून परत देईन.